वऱ्हाडातील हद्दपार झडप

वैशाखाच्या ऐन दुपारी परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढणाऱ्या जुन्या मोटारीचा देखावा ज्याने पाहिला नाही, असा वऱ्हाडी गृहस्थ विरळाच. अर्ध्या चढणीवर एखाद्या पानगळ झालेल्या सागाखाली ती उभी असते. तिचे बॉनेट उघडलेले, झाकणाच्या फटीतून वाफेचा फुत्कार चाललेला, मुले रस्त्याकडेच्या दगडांवर बसून उरलेले पाणी मोजीत आहेत, आणि मालक घाम पुशीत इंजिन निवण्याची वाट पाहत आहे. अशा वेळी जाणाऱ्या-येणाऱ्यांपैकी कोणी तरी जाणता हटकून थांबतो आणि एकच प्रश्न करतो, “थर्मोस्टॅट काढला नाही का अजून?”

ह्या एका प्रश्नात वऱ्हाडच्या मोटारविद्येची निदान दोन पिढ्यांची श्रद्धा साठविलेली आहे. थर्मोस्टॅट म्हणजे दोन बोटांत धरता येईल एवढी पितळेची एक झडप. इंजिनाच्या माथ्यावरून तापलेले पाणी जेथून रेडिएटरकडे जावयास निघते, त्या वाटेवर ती बसविलेली असते. इंजिन थंड असता ती मिटलेली राहते आणि पाण्याला इंजिनातच कोंडून ठेवते. पाणी ठराविक अंशापर्यंत तापले म्हणजे ती आपोआप उघडते आणि त्याला रेडिएटरची वाट मोकळी करून देते. अमरावती-अकोल्याकडील पुष्कळ जुन्या मोटारींत ही झडप आज नाही. तिचे घर आहे, घरात कोणी नाही. ती केव्हा हद्दपार झाली, तिच्यावरील आरोप खरा होता की खोटा, आणि तिला परत बोलवावयाचे झाल्यास किती अंशांची बोलवावी, ह्या तीन प्रश्नांचा विचार ह्या लेखात करावयाचा आहे.

विषय वरकरणी क्षुल्लक वाटेल. तो तसा नाही. अँबॅसडर गाडीचे उत्पादन २०१४ साली थांबले. मुंबईच्या कुर्ल्यास होणारी प्रीमियर पद्मिनी तर त्यापूर्वीच, शतक पालटण्याच्या सुमारास बंद झाली. आता ज्यांच्या घरी ह्या गाड्या उरल्या आहेत, त्यांच्या दृष्टीने त्या वाहने नव्हेत, वडिलांच्या हातचा वारसा आहेत. नवे इंजिन सहज मिळण्याचे दिवस संपले. म्हणून जुने इंजिन कशाने जगते आणि कशाने हळूहळू मरते, हे जाणणे अगत्याचे झाले आहे.

प्रथम थोडे मागे गेले पाहिजे. यंत्राला उष्णता हवी की नको, हा वाद मोटारीहून जुना आहे. १७१२ साली न्यूकमेनने जे वाफेचे इंजिन चालविले, त्यात प्रत्येक खेपेस सिलिंडरमध्ये थंड पाणी सोडून वाफ निववावी लागे. परिणाम असा होई की तापलेला सिलिंडर दर खेपेस थंड पडे, आणि पुढच्या खेपेची अर्धीअधिक वाफ त्याला पुन्हा तापविण्यातच खर्ची पडे. १७६५ साली जेम्स वॉटच्या ध्यानात आले की, वाफ निववावयाची ती दुसऱ्या भांड्यात निववावी. सिलिंडर मात्र सदैव तप्तच राहिला पाहिजे. १७६९ साली त्याने ह्या युक्तीचे पेटंट घेतले, आणि कोळशाचा खर्च एकदम उतरला. वॉटचे मोठेपण, अनेक जण समजतात तसे, वाफ शोधण्यात नाही. यंत्राला नको तेथे थंड करणे हा अपव्यय होय, हे ओळखण्यात आहे.

ही विद्या वऱ्हाडात कापसाच्या पाठीवर बसून आली. १८५३ च्या तहाने निजामाकडून हा प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. १८६७ साली मुंबईहून येणारा लोहमार्ग अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरपर्यंत पोहोचला. १८७० साली खामगावची शाखा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते उघडली गेली. मागोमाग सरकी काढण्याचे व गठाणी बांधण्याचे कारखाने उभे राहिले, त्यांची धुराडी अमरावती-अकोल्याच्या आकाशात दिसू लागली. मूर्तिजापूरहून यवतमाळ व अचलपूरकडे जाणाऱ्या अरुंद मार्गावर, आपल्या लाडक्या ‘शकुंतले’वर, वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावत होते. ह्या सर्व काळात येथील कारागिराचा रोजचा अनुभव एकच होता: यंत्र म्हणजे आग, आणि थंड पडलेले यंत्र म्हणजे बंद पडलेले यंत्र.

मोटार आली आणि हा अनुभव उलटा झाला. मोटारीत आग बाहेर नसते, सिलिंडरच्या पोटातच असते. पेट्रोल जळून जी उष्णता निघते, तिच्यापैकी स्थूलमानाने पाव ते तृतीयांश भागच चाकांच्या कामी येतो. बाकीचा काही धुराबरोबर निघून जातो आणि काही सिलिंडरच्या भिंतींतून बाहेर काढावा लागतो. तो न काढला तर दट्ट्या फुगून सिलिंडरमध्ये अडकेल, वंगण जळून जाईल. म्हणून भिंतींभोवती पाणी खेळविले, आणि ते पाणी निववावयास पुढे रेडिएटर ठेवला. वाफेच्या इंजिनावर वाढलेल्या माणसाला ही गोष्ट नवी होती: येथे उष्णता हा शत्रूही होता.

आरंभीच्या काळात हे पाणी खेळविण्यास पंपही नसे. १९०८ ते १९२७ पर्यंत निघालेल्या फोर्डच्या प्रसिद्ध ‘मॉडेल टी’ गाड्यांत, पहिल्या थोड्या सोडल्यास, तापलेले पाणी हलके होऊन वर चढे व निवलेले जड होऊन खाली उतरे, एवढ्याच निसर्गनियमावर काम चाले. चुलीवरील पातेल्यात पाणी जसे आपोआप फिरते, तसेच हे. त्यात एक गुण होता: इंजिन थंड असता पाणी जवळजवळ स्थिर राही, म्हणजे नियमन आपोआप थोडेफार घडे. किती तापले हे कळण्यास साधन मात्र नव्हते. १९१२ साली बॉइस नावाच्या गृहस्थाने रेडिएटरच्या झाकणावरच उष्णतामापक बसविण्याची युक्ती काढली, आणि पुढची काही वर्षे मोटारीच्या नाकावरची ती गोल तबकडी हे प्रतिष्ठेचे लक्षण होऊन बसले. १९२६ साली फोर्डने व १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईस जुळणीचे काम आरंभिले, आणि तेथून फोर्ड व शेव्हरले गाड्या देशभर पसरू लागल्या.

ह्याच सुमारास थंड मुलखांत निराळाच प्रश्न उद्भवला होता. तेथे हिवाळ्यात इंजिन तापेच ना. लोक रेडिएटरपुढे पडदे लावीत, कातड्याची टोपडी घालीत. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील वेस्टन फुल्टन ह्या वेधशाळेत काम केलेल्या गृहस्थाने पितळेचा सांधाविरहित भाता बनविला होता. वाजविण्याच्या पेटीच्या भात्याप्रमाणे घड्या असलेली ही डबी. तिच्यात चटकन वाफ होणारा द्रव भरला की उष्णतेने ती लांब होई आणि झडप उचलली जाई. १९१४ साली कॅडिलॅक कंपनीने आपल्या आठ सिलिंडरांच्या नव्या गाडीत पाण्याच्या उष्णतेचे असे स्वयंचलित नियमन आणले. आपल्या कथेतील झडपेचा मोटारीत प्रवेश झाला तो असा.

आता अंशांची गोष्ट. त्या काळच्या झडपा बऱ्याच कमी अंशांवर, म्हणजे १४० ते १६० अंश फॅरनहाइटवर किंवा ६० ते ७१ अंश सेल्सिअसवर उघडणाऱ्या असत. त्याचे एक मोठे कारण ऐकून आपल्याकडील वाचकाला नवल वाटेल. थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून त्यात अल्कोहोल मिसळीत. मिथिल अल्कोहोल सुमारे ६५ अंशांवर उकळते आणि एथिल ७८ अंशांवर. पाणी अधिक तापू दिले तर अल्कोहोल उडून जाई आणि रात्री बर्फ होऊन इंजिन फुटे. म्हणून झडप लवकर उघडणे भाग होते. पुढे सुमारे १९७ अंशांवर उकळणारे एथिलीन ग्लायकॉल प्रचारात आले. रेडिएटरला दाब धरणारे झाकण बसले आणि पाण्याचा उकळबिंदूच वर सरकला. तेव्हा झडपेचा अंशही वर चढला. १८० अंश फॅरनहाइट म्हणजे ८२ सेल्सिअस हा सर्वमान्य अंक झाला, आणि १९७० नंतर धुराच्या शुद्धीसाठी १९५ फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ९१ सेल्सिअसपर्यंत मजल गेली. तात्पर्य, जो कमी अंश आपण ‘उष्ण मुलखाचा’ म्हणून समजतो, त्याच्या जन्माशी अतिथंड मुलखाच्या अल्कोहोलाचा फार जवळचा संबंध आहे.

अंश वर चढण्यास आणखी एक आधार मिळाला. १९३० च्या दशकात ब्रिटनमधील मोटार-अभियंत्यांच्या संस्थेने सिलिंडर का झिजतात ह्याचा कसून अभ्यास केला. तोपर्यंत समज असा की, झीज ही घर्षणाने व तापाने होते. प्रयोगांत आढळले ते उलटच. सिलिंडरची भिंत थंड असता झीज झपाट्याने वाढे, तापलेली असता उतरे. कारण असे की, एक लिटर पेट्रोल जळले म्हणजे सुमारे एक लिटरभर पाणी निर्माण होते. भिंत तापलेली असेल तर ते वाफेच्या रूपाने धुराबरोबर निघून जाते. भिंत थंड असेल तर ते तिच्यावर दवासारखे साचते, जळणातील आम्ले त्यात उतरतात, आणि लोखंड खरवडले जाण्याऐवजी गंजून जाते. त्यातील काही पाणी दट्ट्यांच्या कड्यांवरून खाली तेलात उतरते. ज्यांच्या गाडीत झडप नाही त्यांनी हिवाळ्यात तेल ओतण्याचे झाकण काढून त्याची आतली बाजू पाहावी. तेथे पिवळट लोण्यासारखा जो लेप दिसेल, तो ह्याच पाण्याचा व तेलाचा संकर होय. वॉटचे वचन मोटारीलाही लागू होते, ते असे.

मग वऱ्हाडात ही झडप काढली का गेली? येथे आमच्या मिस्त्रीमंडळींना अडाणी म्हणून मोकळे होण्याची घाई शिक्षित माणसाने करू नये. प्रस्तुत लेखकाच्या एका स्नेह्याकडे वडिलांच्या वेळची अँबॅसडर आहे. तीत नवी झडप बसवावी म्हणून तो अमरावतीच्या एका वृद्ध मिस्त्रींकडे गेला, तेव्हा ते हसून म्हणाले, “भाऊसाहेब, हे थंड्या मुलखाचं लफडं हाये, आपल्या इकडे काहाले पाह्यजे?” आणि त्यांनी पत्र्याचा एक डबा पुढे सरकविला. त्यात आयुष्यभर काढलेल्या झडपा साठविलेल्या होत्या. पातेल्यात पाणी तापवून त्यांतील काही टाकून पाहिल्या. काही व्यवस्थित उघडल्या. काही मात्र पाणी खळखळून उकळू लागले तरी मिटलेल्याच राहिल्या. मिस्त्री एवढेच म्हणाले, “ह्या बंद राहिल्या म्हणजे इंजिन जाते, भाऊसाहेब. मंग गिऱ्हाईक कोनाले बोलते?”

ह्या बोलण्यात इतिहास आहे. भात्याच्या जुन्या झडपेत एक सद्गुण होता: ती फुटली की बहुधा उघडी राही, इंजिन फार तर थंड चाले. परंतु दाबाची झाकणे आल्यावर भाता निरुपयोगी ठरू लागला, कारण पाण्याच्या दाबानेच तो दबला जाई. १९३० च्या दशकात सर्जियस व्हर्नेट ह्या अमेरिकेतील संशोधकाने मेणाची झडप तयार केली. डबीत मेण कोंडलेले असते; ते वितळताना फुगून एका दांड्याला रेटते आणि झडप उघडते. दाबाचा तिच्यावर परिणाम होत नाही, म्हणून दुसऱ्या महायुद्धानंतर तीच सर्वत्र झाली. पण ती बिघडली तर पुष्कळदा मिटलेलीच राहते, आणि मिटलेली झडप म्हणजे घाटात उकळलेले इंजिन. ज्या काळात परदेशी मालावर निर्बंध होते व सुटे भाग मुंबईहून येण्यास आठवडे लागत, त्या काळात अडकलेली झडप काढून गिऱ्हाइकाला घरी पोहोचविणारा मिस्त्री शहाणाच म्हटला पाहिजे. चूक पुढे झाली. प्रथमोपचार होता त्याचा धर्म झाला. अडकलेली झडप काढावी ह्याचे, झडप मुळी असूच नये, असे सूत्र बनले.

पण झडप अडकत का होती? येथे आपल्या भूमीचा एक विशेष आडवा येतो. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतून वाहणाऱ्या पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तेथील शेकडो गावांतील विहिरींचे पाणी खारट आहे; पिण्यास नको, पिकास नको, असे ते पाणी. तेच पाणी हापशावरून बादलीत आणि बादलीतून रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षे ओतले गेले. क्षाराने लोखंड लवकर गंजते, आणि जड पाणी तापले की भांड्याच्या तळाला जसा पांढरा थर धरतो, तसा थर इंजिनाच्या पोटात व रेडिएटरच्या नळ्यांत धरतो. उन्हाळ्यात पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. वर पुन्हा पाणी, पुन्हा क्षार. ह्या गंजाच्या व चुन्याच्या चिखलात सापडलेली नाजूक झडप अडकली नाही तरच नवल. अपराध पाण्याचा होता. शिक्षा झडपेला झाली.

दुसरेही एक कारण आहे, ते आपल्या अंगवळणी पडलेल्या विचारांत आहे. ज्या प्रांतात वैशाखात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेथे थंड करणे ही एक कलाच होऊन बसते. मातीचा माठ, खिडकीला वाळ्याची ताटी, प्रवासात किंतानाची पाण्याची पिशवी आणि आता घरोघरचा कूलर, ही सर्व त्याच कलेची अपत्ये आहेत. जे आपल्या जिवाला बरे वाटते तेच यंत्रालाही वाटत असेल, असा आपला सहज ग्रह होतो. पण थोडा विचार केला तर आपले शरीर तरी कोठे थंड राहू पाहते? बाहेर पौषातला गारवा असो की वैशाखातील वणवा, निरोगी देहाची उष्णता ३७ अंशांच्या आसपासच राहते. ती चढली तर ज्वर, आणि फार उतरली तरी वैद्य घाबरतो. इंजिनाचेही तसेच आहे. त्याचा निरोगी अंक तेवढा वेगळा आहे.

आता कोणी म्हणेल, हे सर्व खरे, पण घाटात उकळण्यावर झडपेवाचून दुसरा उपाय काय? ह्या शंकेचे निरसन साध्या बेरजेने होते. रेडिएटर हवेला किती उष्णता देऊ शकतो, हे पाणी व हवा यांच्या अंशांतील फरकावर अवलंबून असते. उदाहरणादाखल समजा, घाट चढताना इंजिनाची सर्व उष्णता बाहेर टाकण्यास एखाद्या रेडिएटरला ५० अंशांचा फरक लागतो. डिसेंबरच्या सकाळी हवा १५ अंश असेल तर पाणी ६५ वर स्थिरावेल, आणि झडप नसल्यास ते तेथेच राहून इंजिन थंडपणे झिजत जाईल. झडप असेल तर ती अर्धवट मिटून पाणी आपल्या अंकापर्यंत आणील. तोच घाट मे महिन्यात ४५ अंशांच्या हवेत चढला तर पाणी ९५ वर जाईल. त्या वेळी ७१ अंशांची झडप असो, ७४ ची असो की मुळीच नसो, सर्व वाट उघडीच आहे. पाणी ९५ वरच जाणार. म्हणजे झडप खालची मर्यादा राखते. वरची मर्यादा राखणे हे रेडिएटरचे, पंख्याचे व पंपाचे काम आहे. चौकीदाराला काढून टाकल्याने घरातील आग विझत नाही.

उलट रेडिएटरच्या नळ्या क्षारांनी बुजल्या असतील आणि ५० ऐवजी ६० अंशांचा फरक लागत असेल, तर पाणी १०५ वर जाईल. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंच आहे. तेथे उघड्या भांड्यातील पाणी सुमारे ९६ अंशांवरच उकळते. रेडिएटरचे झाकण दाब धरीत नसेल, तर घाटमाथ्यावर वाफ निघणे अटळ आहे. तेच झाकण चांगले असून सात पौंडांचा दाब धरीत असेल, तर उकळबिंदू दहा-बारा अंशांनी वर जातो. मोटार घाटात उकळते ती झडपेमुळे क्वचित. बुजलेला रेडिएटर आणि सैल झाकण यांमुळे बहुधा. शिवाय काही इंजिनांत पाण्याला रेडिएटर टाळून परत फिरण्यास एक आडवाट ठेवलेली असते, आणि उघडताना झडपच ती वाट बंद करते. अशा इंजिनातून झडप काढली की, तापलेल्या पाण्याचा काही भाग न निवताच परत येतो. म्हणजे ज्या भयाने ती काढली तेच भय वाढते.

ह्याच चुकीचे दुसरे रूप आपल्या शेतांत दिसते. विहिरीवरील डिझेल इंजिन निववावयास पंपाचेच थंडगार पाणी त्याच्यातून सरळ वाहू द्यावयाचे, अशी रीत पुष्कळ ठिकाणी आहे. शेतकऱ्याला ते पाणी हाताला गार लागले की समाधान वाटते. वस्तुतः त्या गारव्यात त्याचे डिझेल वाहून जात असते. थंड सिलिंडरमध्ये जळण नीट जळत नाही, धूर काळा येतो, आणि इंजिनाचे आयुष्य घटते. इंजिनातून निघणारे पाणी हात फार वेळ धरवणार नाही इतके ऊन असावे. मोटारवाल्याची हौस असते. शेतकऱ्याच्या बाबतीत हा पोटाचा प्रश्न आहे.

असो. राहिला शेवटचा प्रश्न, किती अंशांची झडप घ्यावी? ह्याचे उत्तर गाडी बनविणाऱ्यांनीच दिलेले आहे. अँबॅसडरचे १४८९ घनसेंटिमीटरचे वरच्या झडपांचे इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ज्या घराण्यातले, त्याच घराण्यातील एम. जी. बी. गाडीसाठी कारखान्याने तीन अंक दिले होते: सर्वसाधारण ८२ अंश, उष्ण देशांसाठी ७४ आणि थंड देशांसाठी ८८. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की, उष्ण देशांसाठी त्यांनी झडप काढून टाका असे म्हटले नाही. केवळ आठ अंश उतरविले. ह्यातील मर्म असे की, झडप आपल्या अंकावर उघडू लागते, पण पुरती उघडण्यास आणखी दहा-बारा अंश लागतात. ७४ ची झडप ८५ च्या सुमारास सताड उघडते. ८२ ची ९३ च्या सुमारास. घाटाच्या पायथ्याशी पाणी जितके कमी तापलेले असेल, तितकी उकळण्यापूर्वीची सवड अधिक. एवढाच कमी अंशाचा फायदा आहे, आणि वऱ्हाडात तो घेण्यास हरकत नाही.

म्हणून जिचे झाकण दाब धरीत नाही किंवा फारच थोडा धरते, अशा जुन्या गाडीस वऱ्हाडात बाराही महिने ७४ अंशांची झडप योग्य. रेडिएटर स्वच्छ, झाकण दाबाचे व पंखा नीट असेल तर ८२ हा अंक अधिक चांगला. इंजिन कोरडे राहील व पेट्रोल वाचेल. ८८ चा अंक आपल्याकडे नको, आणि ७० च्या खालचाही नको. फियाटच्या गाडीस तिच्या पुस्तिकेत दिलेला अंक प्रमाण मानावा. तिच्या इंजिनाचा माथा अॅल्युमिनियमचा असल्याने अतितापाने तो वाकतो, म्हणून तेथे रेडिएटरची स्वच्छता दुप्पट महत्त्वाची. नवी झडपही बसविण्यापूर्वी दोऱ्याने टांगून पातेल्यात, भांड्याच्या तळाला टेकू न देता, उष्णतामापकाशेजारी तापवून पाहावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पाणी. खारपाणपट्ट्यातील विहिरीचे पाणी रेडिएटरला विष आहे. पावसाळ्यात स्वच्छ धरलेले पागोळीचे पाणी अथवा ऊर्ध्वपातित पाणी घ्यावे, त्यात गंजरोधक द्रव्य मिसळावे. आपल्याकडे पाणी गोठत नाही म्हणून हे द्रव्य नको, असे समजू नये; गोठणे येथे नसले तरी गंज येथे आहे.

स्नेह्याच्या गाडीचे पुढे काय झाले ते सांगून लेख पुरा करतो. वृद्ध मिस्त्रींनीच रेडिएटर उतरवून उघडविला. आतील कित्येक नळ्या पांढऱ्या थराने गच्च बुजलेल्या होत्या. त्या पाहून मिस्त्री बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी नळ्या साफ करवून घेतल्या, झाकण बदलले, आणि ७४ अंशांची नवी झडप आपल्या हाताने पातेल्यात पाहून बसविली. मे महिन्यात ती गाडी चिखलदऱ्यास न थांबता चढली. हिवाळ्यात तेलाच्या झाकणाखालचा पिवळा लेपही नाहीसा झाला. मिस्त्रींचा तो पत्र्याचा डबा मात्र अजून दुकानात आहे. आता एखादी झडप काढण्यापूर्वी ते गिऱ्हाइकाला विचारतात, “पानी कुठचं टाकता, भाऊ?” आरोपीला शिक्षा देण्यापूर्वी साक्ष घेण्याची ही रीत वऱ्हाडच्या इतर दुकानांतही सुरू झाली, तर उरलेल्या जुन्या इंजिनांपैकी पुष्कळ आमच्या नातवंडांनाही चालविता येतील.